पाऊण पाव

"कालचा आण रे. ताजा नको. ताजा आणलास तर बघता बघता संपेल."

अप्पांच्या कानात हा आवाज साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पडला होता आणि अजून तिथून हलला नव्हता. आवाज त्यांच्या आईचा. घरात खाणारी तोंडं सात आणि पाव एक. ताजा पाव मऊ, तो घशाखाली आपोआप उतरतो. शिळा चावावा लागतो, चावता चावता तोंड दमतं आणि पोटाला वाटतं, झालं आपलं. आई सगळ्यांना वाटून द्यायची, आणि स्वतःची पाळी आली की म्हणायची, "मला भूक नाही." लहानपणी अप्पांनी ते खरं मानलं. मोठेपणी एकदा दाढी करता करता, कुणी न सांगता, त्यांना ते कळलं. कळलं तेव्हा तिला तसं सांगायला ती राहिली नव्हती.

म्हणून पावाबद्दल अप्पांचं मत ठाम होतं. पाव संपतो. दिवस मावळतो तसा संपतो. तो उरू शकतो, ही गोष्ट त्यांच्या कल्पनेच्या कुंपणाबाहेरची होती. आणि त्यांच्या सुनेनं नेमका याच मताचा फायदा घेतला होता.

झालं होतं असं. बायको गेल्यावर अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. आयुष्यभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस. भलेभले अडेल काटे त्यांच्या बोटांखाली सरळ आले, आणि आता ते स्वतःच एका बाजूला कलले. दाढी नाही, पेपर नाही, बोलणं नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, "बसा अप्पा, आराम करा." अप्पा बसायचे. असे दोन महिने गेले. डॉक्टर म्हणाले, "यांना चालतं करा." मुलानं नवे बूट आणले. अप्पांनी ते उलटेपालटे करून पाहिले, "छान आहेत" म्हणाले आणि खुर्चीखाली ठेवून दिले.

मग एका सकाळी सून स्वयंपाकघरातून ओरडली, "अप्पा, पाव संपलाय हो!"

अप्पा उठले. बूट घातले. दोन चौक आणि एक चढ ओलांडून बेकरीत गेले, पाव घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "चढावरच्या शिंप्यानं दुकानाला हिरवा रंग काढलाय. भयंकर दिसतोय."

दोन महिन्यांतलं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. सून ओटा धरून उभी राहिली. फ्रीजमध्ये अर्धा पाव होता. तिनं फ्रीजच्या दाराला पाठ लावली, आतला पाव बाहेर येऊन खरं बोलेल की काय अशी.

त्या दिवसापासून ते वाक्य रोज म्हणावं लागलं. आणि रोज म्हणायचं तर ते रोज खरं करावं लागलं.

हे सोपं नव्हतं. घरात माणसं तीन, आणि बेकरीचा पाव सोळा कापांचा. त्यातले दोन काप अप्पांचे, चहाबरोबर. दोन मुलाचे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरीही लिफ्टमध्ये असल्यासारखा उभ्या उभ्याच खायचा. सुनेला पावानं जळजळायचं, ती त्याला शिवायची नाही. चार गेले, बारा राहिले. अप्पा आंघोळीला गेले की ती ते बारा काप पिशवीत भरायची, रिकामा कागद ओट्यावर डोळ्यांत भरेल असा पसरून ठेवायची आणि कामाला जायची.

ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिथे चष्म्यांना दांड्या बसवणारा एक गृहस्थ होता. बावीस वर्षांत त्यानं एकदाही दांडी मारली नव्हती, म्हणून सगळे त्याला दांडीबहाद्दर म्हणत. सुरुवातीला त्यानं ते काप आनंदानं नेले, शेजारणीच्या कोंबड्यांसाठी. महिनाभरानं त्यानं हात जोडले.

"वहिनी, आता पुरे. पूर्वी कोंबड्या अंड्यांवर बसायच्या. आता नुसत्याच बसतात."

"मग तुम्ही खा ना."

"मी काय करतोय मग? हा पट्टा बघा. शेवटच्या भोकाला आलाय."

तेव्हापासून पाव दुकानामागच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊ लागला. ती तो टाकत नसे, ठेवत असे. कागदात नीट गुंडाळून, हळूच. झाकणाचा आवाज होऊ देत नसे. डब्यात आधीच इतर कुणाचे तरी काप पडलेले असायचे. एखाद्या दिवशी अख्खा पाव असायचा, कागदही न फोडलेला. तिला वाटायचं, शहरात इतके डबे, इतकी घरं. प्रत्येक पावामागे कुणी काय सांगितलं असेल, कुणी काय लपवलं असेल? मग ती हात धुवायची आणि दिवसभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून धडपडायची.

इकडे अप्पा फुलत चालले होते. रोज दाढी होऊ लागली. चढावर दम खायला ते कुठे थांबतात, तिथे कोण भेटतं, हे संध्याकाळी ऐकायला मिळू लागलं. शिंप्यानं तो हिरवा रंग बदलावा म्हणून अप्पांनी त्याच्याशी रीतसर भांडण काढलं होतं, आणि ते रोज एकेक पाऊल पुढे सरकत होतं.

असं सगळं छान चाललेलं असताना एका रविवारी वहीवाल्या बाई आल्या.

त्या शहराच्या कचेरीतून आल्या होत्या. घरोघरी पाव किती येतो, त्यातला पोटात किती जातो आणि कचऱ्यात किती, हे कचेरीला हवं होतं. सात दिवस नोंद ठेवायची. रकाने चार: आणला, खाल्ला, उरला, फेकला.

"आमच्याकडे पावाचं तसं काही फारसं..." सुनेनं सुरुवात केली.

"रोज एक," खुर्चीतून अप्पा म्हणाले. "मी स्वतः आणतो. द्या ती वही इकडे."

"साधारण लिहिलंत तरी चालेल हं, आजोबा. अर्धा, पाव, पाऊण..."

"साधारण?" अप्पा ताठ झाले. "बाई, चाळीस वर्षं मी काट्याचं काम केलंय. आमच्या धंद्यात 'साधारण' ही शिवी आहे."

बाई गेल्या. अप्पांनी कपाटाच्या खालच्या खणातून पितळी काटा काढला. बायको गेल्यापासून त्या खणाला कुणी हात लावला नव्हता. पारडी पुसली, साखळ्या सोडवल्या, वजनं ओळीनं मांडली, आणि पुसता पुसता ते गुणगुणू लागले. सुनेला रडावं की पळावं कळेना.

"आता गं?" नवऱ्यानं आतल्या खोलीत विचारलं.

"आता काय? आता ते बारा काप तू खायचे."

"मी? मला लिफ्टमध्ये चढावं लागतं बाई. तिथे वजनाची मर्यादा लिहिलेली असते."

सोमवारी संध्याकाळी अप्पा नोंद करायला बसले. आणला: एक. खाल्ला: मी दोन काप, चिरंजीव दोन काप. उरला: नाही. फेकला? अप्पांनी जमिनीवर जुना पेपर अंथरला आणि कचऱ्याची बादली त्यावर उपडी केली. साली निघाल्या, चहाचा चोथा निघाला, एक बटण निघालं. पावाचा कण नव्हता. अप्पांनी तिथे शून्य लिहिलं. पण काटा दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा. चार काप इकडे, बारा काप कुठे? घरात तिसरं माणूस एकच होतं. अप्पांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती. मनगटं केवढीशी. अप्पांनी लिहिलं, 'सूनबाई: पाऊण पाव.'

मग त्यांनी मुलाला हळूच बोलावलं.

"काय रे, तुझी बायको जेवते ना नीट?"

"जेवते की."

"मग पाऊण पाव का खाते?"

मुलाचा चेहरा दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. "आवड असते, अप्पा, एकेकाची."

"चार काप म्हणजे आवड. बारा काप म्हणजे भूक."

त्या दिवसापासून अप्पा जेवताना पाहू लागले. सगळ्यांना वाढून झाल्यावर सून शेवटी घ्यायची. त्यांनी आग्रह केला की म्हणायची, "मला एवढंच लागतं, अप्पा." अप्पांचा घास तोंडातच फिरत राहायचा. हे वाक्य त्यांनी दुसऱ्या आवाजात ऐकलेलं होतं.

बुधवारी वहीवाल्या बाई मध्येच डोकावल्या, नोंदी बरोबर होताहेत ना ते बघायला. मुलगा आणि सून कामावर होते. बाईंनी वही चाळली.

आता इथे थोडं थांबायला हवं. आपल्या भाषेत पाव या एका शब्दात बेकरीही राहते आणि गणितही राहतं, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. अप्पांनी 'पाऊण पाव' लिहिलं ते पावाचे चारातले तीन भाग म्हणून, म्हणजे बारा काप. पण बाईंच्या कचेरीत पाव म्हणजे चौथा हिस्सा. त्यांनी वाचलं: चौथ्या हिश्शाचाही पाऊण. म्हणजे तीन काप.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "सूनबाईंचं खाणं फारच कमी आहे हो."

"कमी?" अप्पांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"कमीच की. दिवसभर कामाला जाणारी बाई, आणि एवढंसं? आमच्याकडे लोक याच्या दुप्पट खातात. सहज!"

बाई चहा न घेता गेल्या. अप्पांनी वही उघडून ती ओळ पुन्हा वाचली. बारा काप, आणि सरकार म्हणतंय कमी! इतके दिवस ही पोरगी आपल्या घरात अर्धपोटी राहिली, आणि आपण शिंप्याच्या रंगावर भांडत बसलो.

गुरुवारी अप्पा दोन पाव घेऊन आले.

"दोन कशाला, अप्पा?" सुनेचा आवाज चिरकला.

"खा, पोरी. लाजायचं नाही. आपल्या घरात खाण्याला कुणी लाजायचं नाही."

अठ्ठावीस काप घेऊन ती दुकानात पोचली तेव्हा पिशवीचा एक बंद तुटला होता. मागच्या डब्याशी सफाईवाले उभे होते. तिनं पाव घाईघाईनं तपासणीच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखालच्या खणात कोंबला. दुपारी एक वयस्क गिऱ्हाईक आलं.

"खालची ओळ वाचा, काका."

"खालची ओळ हलतेय."

तिनं भिंग बदललं. "आता?"

"आता चालायला लागली."

तिनं आणखी जाड भिंग घातलं. "आता दिसतंय?"

"आता स्पष्ट दिसतंय," काका म्हणाले. "मुंग्या आहेत."

मालकांनी खण उघडला, बघितलं आणि बंद केला. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, उद्या इथे पाव दिसला, तर तुम्ही दिसू नका."

संध्याकाळी अप्पांनी ओट्यावर दोन रिकामे कागद पाहिले. दोन्ही पाव संपले होते. 'सूनबाई: पावणेदोन पाव,' त्यांनी लिहिलं, आणि पेन्सिल वहीवरच पडू दिली. तरी उरला नव्हता. भूक किती जुनी असेल ही!

शुक्रवारी त्यांना तीन पाव हवे होते. बेकरीत दोनच शिल्लक होते. अप्पा ते घेऊन आले आणि खुर्चीत बसून राहिले. सुनेनं चहाबरोबर त्यांचे दोन काप ठेवले. त्यांनी बशी बाजूला सारली.

"मला भूक नाही."

"अप्पा, बरं वाटत नाही का?"

"मस्त वाटतंय. भूक नाही एवढंच."

जेवायला बसल्यावरही त्यांनी दोन घासांत हात धुतला. मुलानं भीतीपोटी दोनाऐवजी चार काप खाल्ले आणि दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उचक्या देत काम केलं. म्हणजे राहिले अठ्ठावीसच. दुकानात न्यायची सोय उरली नव्हती. सुनेनं पलंगाची पेटी उघडली आणि पाव रजयांच्या खाली ठेवला. शनिवारी तेच. अप्पांनी सकाळी बशी सारली, दुपारी हात आखडला, रात्री फक्त दूध घेतलं. सून पलंगावर आडवी झाली तेव्हा तिच्या पाठीखाली छप्पन्न काप होते, आणि तिला तो प्रत्येक काप वेगवेगळा टोचत होता. अप्पा का खात नाहीत हे तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की चढ चढून आल्यावर हल्ली ते भिंतीला हात लावून उभे राहतात.

रविवारी वहीवाल्या बाई आल्या. टेबलावर त्या दिवशीचे दोन पाव होते. बाईंनी वही वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! ताईंचं खाणं सुधारलं की. पावणेदोन पाव. म्हणजे सात काप. आणि फेकला रोज शून्य! आजोबा, आमच्या विभागात असं दुसरं घर नाही."

"सात नव्हे. अठ्ठावीस," अप्पा म्हणाले.

"अठ्ठावीस कसे? पावणेदोन पाव लिहिलंय ना?"

"पावणेदोन पावच लिहिलंय."

"तेच म्हणतेय मी. पावणेदोन पाव, म्हणजे चौथ्या हिश्शाचे..."

"हिस्सा नव्हे हो! पाव! खायचा पाव!"

बाई हळूहळू खाली बसल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, आणि तेवढं पाहायला फार वेळ लागला नाही, कारण सून फार नव्हतीच.

"ताई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "रोज? एकट्या?"

"तिच्या खाण्याला दृष्ट लावायची नाही!" अप्पा कडाडले. "तुम्हीच म्हणालात ना, कमी खाते म्हणून? थांबा. तुमच्यासमोर वजन करून दाखवतो."

ते काटा आणायला ताडकन उठले, आणि तिथेच डुलले. पारडी खणखणली, पावशेराचं वजन घरंगळत कपाटाखाली गेलं. मुलानं त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"अप्पा, किती दिवस खाल्लं नाहीत तुम्ही?"

"मला भूक..." अप्पांनी डोळे मिटले. "तिला पुरू दे आधी. ती सांगत नाही. बायका सांगत नाहीत, बाबा. माझी आई पण सांगत नव्हती."

सून आत गेली. पलंगाच्या पेटीच्या बिजागऱ्या करकरल्या. रजईत बांधलेलं एक गाठोडं घेऊन ती बाहेर आली आणि तिनं ते टेबलावर सोडलं. छप्पन्न काप. काही वाकलेले, काही कडक झालेले, रजईच्या फुलांचे धागे लागलेले.

"अप्पा," ती म्हणाली, "पाव संपत नव्हता. मी संपलाय म्हणून सांगायची. एक काप खाल्ला नाही मी कधी. मला पावानं जळजळतं."

अप्पांनी गाठोड्यातला एक कडक काप उचलून पालथा करून पाहिला.

"तुम्ही खुर्चीतून उठत नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही. पाव संपलाय म्हटलं आणि तुम्ही उठलात. मग मी रोज म्हणत राहिले." तिनं पदरानं नाक पुसलं. "उद्यापासून तुम्ही जाणार नाही, हेही माहितीय मला. पण तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहायचं, हे मला नाही जमणार."

अप्पांनी काटा जवळ ओढला. सवयीनं. चार-चार काप पारड्यात घालून ते वजन करू लागले, एकेक आकडा पुटपुटत. चौथ्या खेपेला हात थांबले.

"म्हणजे चार महिने," ते म्हणाले, "मी रोज सकाळी चढ चढून कचरा आणत होतो."

"कचरा नाही हो, अप्पा..." मुलगा म्हणाला. सुनेनं टेबलावरच्या ताज्या पावाचे दोन काप काढले, लोणी लावलं आणि बशी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी खाल्ले. सावकाश, कुणाकडे न बघता, शेवटच्या कडेपर्यंत. सगळे त्यांचा एकेक घास मोजत असल्यासारखे उभे होते.

वहीवाल्या बाईंनी खोडरबर काढलं. 'फेकला' या रकान्यातली शून्यं त्यांनी एकेक करून पुसली. मग घसा साफ केला. त्यांचंही मन नव्हतं, पण काम काम असतं.

"आजोबा, फेकला असेल तर खाली कारण लिहावं लागतं. शिळा झाला, जास्त आणला, आवडला नाही, किंवा इतर."

"जास्त आणला, लिहा," मुलगा म्हणाला.

"माझ्यामुळे लिहा," सून म्हणाली. "चूक माझी आहे."

"इतर," अप्पा म्हणाले.

"इतर लिहिलं तर काय ते सांगावं लागतं, आजोबा. एका ओळीत."

अप्पांनी ओठावरचा चुरा टिपला. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. दोघांनी नजर खाली घातली. इतक्या महिन्यांत घरात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तरी 'मस्त आहे' एवढंच म्हणाले असते. आता समोर एक परकी बाई बसली होती, तिची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, आणि ओळ एकच होती.

"लिहा, बाई," अप्पा म्हणाले. "ही दोघं सकाळी कामाला जातात, दार लागतं, आणि मग हे घर मला खायला उठतं."